सोयींनी भरलेली नोकरी स्वीकारताना

भोरहून महाडच्या रस्त्याला लागलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं आणि हिरडोशी ओलांडून रस्ता वरंध घाटाकडे वळतो. हिरडस मावळाच्या या खोऱ्यातून आणि शेजारच्या वेल्ह्यातून पोटापाण्यासाठी बाहेर पडणं नवीन नाही. आधीची पिढी मुंबईला गेली, नंतरची पुण्याच्या आणि शिरवळच्या कारखान्यांत लागली. आता इंजिनिअरिंग, बीसीए, बीकॉम झालेली मुलंमुली हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या कंपन्यांत जातात. निवड झाल्याचा फोन आला की घरी पहिली बातमी बहुधा पगाराची नसते. जेवण कंपनीत, न्यायला-आणायला बस, जिम, आईवडिलांचा विमा, असं सगळं आधी सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्यांचा ऊर भरून येतो.

तो आनंद खरा आहे, कुणी तो कमी लेखू नये. पण अशा नोकरीत चार-पाच वर्षं काढलेल्या मुलामुलींशी बोललं की दुसरी बाजूही कळते. रोजचं जेवण ऑफिसात झालं, पण आठवड्यात एकदाही उजेडी घरी पोचता आलं नाही. विमा उत्तम होता, पण नोकरी गेली त्या महिन्यात तोही गेला. पॅकेज मोठं दिसत होतं, पण हातात आलेला पगार पाहून भाड्याची चिंता लागली. म्हणून पहिली किंवा दुसरी नोकरी घेणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही, हा लेख. सांगणं एवढंच आहे: प्रत्येक सोयीला विचारा की हिच्यामुळे माझा वेळ आणि पैसा माझ्या हातात येतो, की मी कंपनीत जास्त वेळ अडकतो? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की सोयीची खरी किंमत कळते.

सोयींचा खरा आधार

पुण्यातच वाढलेल्या मुलापेक्षा खोऱ्यातून आलेल्या मुलाला या सोयींचा उपयोग जास्त होतो. शहरातल्या मुलाकडे घर असतं, आईच्या हातचा डबा असतो, दारात दुचाकी असते. हिरडोशीहून आलेल्याला पहिल्याच महिन्यात रूमचं डिपॉझिट, कॉट, गादी, मेसचे आगाऊ पैसे हे सगळं उभं करायचं असतं. अशा वेळी ऑफिसातला नाश्ता आणि जेवण म्हणजे महिन्याला काही हजारांची बचत. कंपनीची बस असेल तर दोन-तीन बस बदलण्याचा त्रास वाचतो, आणि हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत स्वतः गाडी चालवण्याचा ताणही.

आईवडिलांना सामावून घेणारा सामूहिक आरोग्य विमा ही तर फार मोलाची गोष्ट. वैयक्तिक पॉलिसी काढली तर आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांसाठी थांबावं लागतं. हा प्रतीक्षा काळ पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षांचा होता. विमा नियामक संस्थेने २०२४ मध्ये तो तीन वर्षांवर आणला. कंपनीच्या सामूहिक विम्यात मात्र बहुतेक वेळा असे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. वडिलांचं वय साठच्या आसपास असेल तर या एका सोयीसाठी पगारात थोडं कमी घेणंही शहाणपणाचं ठरू शकतं.

पाळणाघर, कोर्सची फी, परीक्षेचा खर्च, घरून काम करण्याची मुभा या सोयीही आयुष्य घडवणाऱ्या आहेत. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागली असती अशा कितीतरी मुली ऑफिसजवळच्या पाळणाघरामुळे कामावर टिकल्या. काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना मालकीतही वाटा दिला. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या अनेकांच्या हाती आयुष्यभराची पुंजी आली. सोयी म्हणजे निव्वळ दिखावा, असं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं होईल.

तीन रकाने करा: हक्क, पगार, सोय

कंपनीने दिलेली सोयींची यादी हातात आली की एका वहीत तीन रकाने आखा.

पहिला रकाना हक्कांचा. कायद्याने जे द्यावंच लागतं ते इथे लिहा. ही यादी बरीच मोठी आहे, आणि यातल्या कितीतरी गोष्टी नोकरीच्या जाहिरातीत कंपनीचं औदार्य म्हणून छापलेल्या असतात.

- वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पीएफ लागू होतो. तुमच्या बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुम्ही भरता, तेवढंच कंपनी भरते. कंपनीच्या वाट्यातला एक भाग पेन्शन योजनेत जातो.
- पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार ठरावीक मुदतीवर नेमलेल्यांना एका वर्षानंतरही ती मिळू शकते.
- २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता आलं पाहिजे.
- महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आहे, आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला आहे. वर्षाला ८ किरकोळ रजा, सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा हेही त्यातच येतं. व्यवस्थापकीय पदांना मात्र हा कायदा लागू नाही, म्हणून आपलं पद कागदावर काय लिहिलं आहे ते पाहून घ्या.
- याच कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याकडून काम घ्यायचं असेल तर तिची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं. म्हणजे रात्रीची कॅब हा मुलींचा हक्क आहे.
- कारखान्यातलं कॅन्टीनही असंच. १९४८ च्या कायद्यात ते २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्याला बंधनकारक होतं. नव्या संहितेत हा आकडा १०० वर आला आहे.

दुसरा रकाना पगाराचा. जे तुमच्या बँक खात्यात किंवा पीएफ खात्यात नक्की जमा होतं, ते इथे. तिसरा रकाना उरलेल्या सोयींचा: फुकट जेवण, जिम, खेळाची खोली, सहली, भेटवस्तू, फोनचं बिल. या तिसऱ्या रकान्यातली कोणतीही गोष्ट कंपनी एका ईमेलने बंद करू शकते. नोकरीचा निर्णय पहिल्या दोन रकान्यांवर घ्या. दोन नोकऱ्या तुल्यबळ असल्या तरच तिसऱ्या रकान्याकडे वळा.

पॅकेजचा कागद उलगडून पाहा

वर्षाला ६ लाखांचं पॅकेज म्हटलं की घरी सगळे महिन्याला ५० हजार असा हिशेब करतात. एक नमुना मांडून पाहू. बेसिक ३,००,०००, घरभाडे भत्ता १,२०,०००, विशेष भत्ता ३६,०००, कंपनीचा पीएफचा वाटा ३६,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ता मिळून २४,०००, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम ६०,०००, जेवण आणि बस २४,०००. बेरीज बरोबर ६ लाख होते.

यातून दरमहा पगार म्हणून निघतात ३८,०००. त्यातून तुमचा पीएफचा वाटा ३,००० आणि व्यवसाय कर २०० वजा केले की हातात राहतात ३४,८००. जेवण आणि बस तुम्हाला फुकट वाटत होती, पण ती तुमच्याच पॅकेजमध्ये धरलेली आहेत. ग्रॅच्युइटीची रक्कम ठरलेली सेवा पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नाही. कामगिरीची रक्कम पूर्ण मिळेलच असं नाही.

म्हणून एचआरला स्पष्ट विचारा: हातात दरमहा किती येईल? कामगिरीची रक्कम गेल्या दोन वर्षांत सरासरी किती टक्के दिली गेली? जेवण-बस नको असेल तर ती रक्कम पगारात मिळते का? असं विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगली कंपनी या प्रश्नांची उत्तरं लेखी देते.

शेअर देऊ केले असतील तर आणखी काळजी घ्या. कायद्यानुसार शेअर देऊ केल्यापासून ते हक्काचे होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, आणि बहुतेक कंपन्यांत ही मुदत चार वर्षांवर पसरलेली असते. शेअर घेताना त्याची बाजारभावाने होणारी किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतल्या फरकावर उत्पन्न म्हणून कर लागतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर कर आज भरावा लागेल आणि शेअर विकायला गिऱ्हाईक मात्र सापडणार नाही, अशी अडचणही येऊ शकते. असे शेअर मिळाले तर आनंदाने घ्या, पण घराचा हप्ता त्यांच्या भरवशावर ठरवू नका.

सोय कुणाचा वेळ वाचवते?

आता कळीच्या मुद्द्याकडे येऊ. बऱ्याच कंपन्यांत रात्रीचं जेवण आठनंतर मिळतं आणि घरी सोडणारी कॅब नऊनंतर. कुणीही तुम्हाला थांबायला सांगत नाही. पण साडेसहाला निघालं तर बसला लटकून रूमवर जायचं आणि मेसचे पैसे द्यायचे; नऊपर्यंत थांबलं तर जेवणही झालं आणि एसी गाडीतून घरीही. महिन्याभरात थांबण्याची सवय लागते. सवय लागली की कामही त्या वेळेपर्यंत पसरतं, आणि सहाला निघणारा माणूस मॅनेजरच्या नजरेला खुपू लागतो.

हिशेब करून पाहा. दोन नोकऱ्यांत हातात येणारा पगार सारखाच, ३४,८००. पहिलीत जेवण आणि कॅबमुळे महिन्याला ४,००० वाचतात, पण दिवसाचे ११ तास ऑफिसात जातात. महिन्याचे २२ दिवस धरले तर २४२ तास, म्हणजे तासाला साधारण १६० रुपये. दुसरीत कोणतीच सोय नाही, पण ९ तासांत काम संपतं. १९८ तास, म्हणजे तासाला साधारण १७६ रुपये. सोयींनी भरलेली पहिली नोकरी तासामागे १५-१६ रुपये कमी देते, आणि महिन्याचे ४४ तासही घेऊन जाते. त्या ४४ तासांत एखादा कोर्स झाला असता, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास झाला असता, किंवा पुरेशी झोप तरी मिळाली असती.

अमर्याद रजा ही अशीच एक फसवी सोय आहे. रजांची संख्या ठरलेली असली की उरलेल्या रजा पुढच्या वर्षी नेता येतात. काही ठिकाणी त्यांचे पैसेही मिळतात. अमर्याद रजेत असं काही साठत नाही आणि दरवेळी परवानगी मॅनेजरच्या मनावर राहते. जुलैत भातलावणीसाठी चार दिवस गावी जायचं असेल तर हक्काची नोंदलेली रजा कामाला येते. घरून काम करण्याची मुभा असेल तर तिचीही अट पाहा: गावातून लॉगिन केलेलं चालतं का, आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिसात यावंच लागतं? धरणाकाठच्या गावांत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून आधीच बोलून ठेवा.

जास्त तासांचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे पुण्याने पाहिलं आहे. जुलै २०२४ मध्ये एका जागतिक लेखा कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात काम करणारी २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट तरुणी रुजू झाल्यापासून चार महिन्यांत मरण पावली. कामाच्या ओझ्याने तिचा जीव घेतला, असं तिच्या आईने सप्टेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं. कंपनीने ते मान्य केलं नाही. त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असं आढळलं. नावाजलेलं नाव, देखणं ऑफिस आणि भरपूर सोयी असल्या तरी तासांवर लक्ष ठेवणारा कायदा त्या दारातून आत गेलेला असेलच, असं समजू नका.

कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा, असं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. भोर आणि वेल्हे त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतात. त्याचा कायदा झालेला नाही. तो होईपर्यंत ही रेघ आपली आपणच आखायची आहे.

दिलेली सोय आणि मिळवलेला हक्क

जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथल्या कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना आली. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. पण दुसऱ्या गिरणीतल्या कामगाराला ते मिळायला भरपाईचा कायदा यावा लागला १९२३ मध्ये आणि पीएफचा १९५२ मध्ये. एम्प्रेस मिल पुढे बंद पडली. पीएफ मात्र आज शिरवळच्या कामगारालाही मिळतो, कारण तो आता मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही.

किर्लोस्करवाडीचं उदाहरणही विचार करण्यासारखं आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभी केली. अशा वसाहतींनी महाराष्ट्रात कामगारांच्या मुलांना शाळा दिल्या, डोक्यावर छप्पर दिलं. पण घर नोकरीशी बांधलेलं असलं की निवृत्तीच्या दिवशी घराचाही प्रश्न उभा राहतो. ज्यांनी नोकरीत असतानाच गावाकडे किंवा शहरात स्वतःची जागा केली, त्यांना पुढची वर्षं सुखाची गेली.

आणि माथाडी कामगार पाहा. सह्याद्रीच्या खोऱ्यांतून मुंबईला गेलेल्या हमालांना ना कायम मालक होता ना ऑफिस. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. मालक बदलला तरी त्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी माथाडी मंडळाकडे जमा होत राहिली. फुकट जेवणाची सोय त्यांना कुणी दिली नव्हती, पण म्हातारपणाचा आधार त्यांनी स्वतः मिळवला.

आजच्या काळात सोयी किती झटकन जातात हे गूगलने दाखवलं. १९९९ मध्ये, कंपनी अगदी लहान असताना, तिने स्वतःचा आचारी नेमला आणि फुकट जेवण ही जगभरच्या आयटी कंपन्यांची खूण झाली. त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२,००० जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं आणि नंतर काही सोयीही आखडत्या घेतल्या. एवढ्या श्रीमंत कंपनीत हे घडतं, तर कुठेही घडू शकतं.

कंत्राटी असाल तर

एकाच कॅन्टीनमध्ये दोन रंगांची ओळखपत्रं दिसतात. एक कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं, दुसरं कंत्राटदाराच्या माणसांचं. शिरवळच्या कारखान्यात असो की हिंजवडीच्या ऑफिसात, भोर-वेल्ह्यातल्या बऱ्याच जणांना आधी दुसरंच ओळखपत्र मिळतं. अशा वेळी मोठ्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. नेमणूकपत्रावर आणि पगाराच्या पावतीवर कुणाचं नाव आहे ते पाहा. वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो; त्यात तुमचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक उघडून पाहा. मागच्या महिन्याचा भरणा चालू महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. पावतीवर कपात दिसते पण पासबुकात जमा दिसत नाही, असं झालं तर लगेच लेखी विचारा. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

1. दरमहा हातात नक्की किती येईल आणि बेसिक किती?
2. माझ्या टीममधली माणसं संध्याकाळी साधारण किती वाजता निघतात? हा प्रश्न एचआरला विचारून थांबू नका. त्याच टीममध्ये काम करणाऱ्या किंवा करून गेलेल्या कुणाला तरी गाठून विचारा.
3. शनिवार-रविवारी काम आलं तर बदली सुट्टी मिळते की मोबदला?
4. विम्यात आईवडील आहेत का? त्यांचा हप्ता कोण भरतं? आधीचे आजार धरलेत का? नसरापूर, भोर किंवा कात्रजच्या बाजूचं कोणतं रुग्णालय यादीत आहे?
5. नोटीस पीरियड किती? आयटीत तो ९० दिवसांचाही असतो, आणि पुढची कंपनी तेवढं थांबेलच असं नाही.
6. रुजू होताना मिळणारा बोनस लवकर सोडल्यास परत करावा लागतो का?
7. बॉन्ड आहे का, किती वर्षांचा, किती रकमेचा? बॉन्ड कोर्टात टिकत नाही ही ऐकीव समजूत धरून सही करू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवेची अट आणि त्याआधी सोडल्यास २ लाखांची वसुली वैध ठरवली आहे. आणि बॉन्डच्या नावाखाली मूळ गुणपत्रिका मात्र कुणाकडेही ठेवू नका.

रुजू झाल्यावर पाळायच्या गोष्टी

पहिल्या तीन महिन्यांत आलेली आणि गेलेली वेळ वहीत लिहा. आठवड्याचे ४८ तास वारंवार ओलांडले जात असतील तर मॅनेजरशी बोलताना हाती नोंद असते. तक्रारीच्या सुरात न बोलता, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर एवढं विचारलं तरी बऱ्याचदा ओझं कमी होतं.

आठवड्यातले निदान तीन दिवस निघण्याची वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा. त्या दिवशी रात्रीचं जेवण रूमवर किंवा मेसमध्ये होऊ द्या. मेसचे पैसे वाया गेले असं समजू नका. त्या पैशांत तुमची संध्याकाळ परत आली.

जेवण आणि बसमुळे वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका. सोय चालू आहे तोवर ते जमत राहतील, आणि सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम झाली की नोकरी गेली तरी घाबरायला होणार नाही. सोयींच्या आधाराने खर्च वाढवला, महागडी बाइक हप्त्यावर घेतली, तर सोय गेल्यावर हप्ता मात्र राहतो.

कंपनीचा विमा असला तरी स्वतःची छोटी पॉलिसी तरुणपणीच काढा, म्हणजे प्रतीक्षा काळ नोकरीत असतानाच संपेल. नोकरी सोडताना सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. शेवटच्या दिवसाआधी तिची चौकशी करा. आईवडिलांचं रेशनकार्ड आणि आधार अद्ययावत ठेवा, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात आणि तो आधार तुमच्या नोकरीवर अवलंबून नाही. नोकरी बदलली तर पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा.

कंपनीबाहेरची माणसं सांभाळा. जेवण, जिम, क्रिकेट, सहल सगळं ऑफिसातच होऊ लागलं की ओळखीही तिथल्याच राहतात, आणि नोकरी गेली की त्याच दिवशी बोलायला कुणी उरत नाही. पुण्यात राहणारे गावकरी, कॉलेजचे मित्र, एखादं वाचनालय किंवा ट्रेकचा गट यांच्यासाठी आठवड्यात एक संध्याकाळ काढा.

घरच्यांसाठी

आईवडिलांनो, मुलाचं कौतुक करा, पण पॅकेजचा आकडा पाहुण्यांत सांगण्याआधी हातात किती येतं ते त्याला विचारा. तो आकडा ऐकून बहिणीच्या लग्नाचं कर्ज किंवा घराचं काम त्याच्या डोक्यावर पहिल्याच वर्षी ठेवू नका. फोनवर जेवलास का, हे तर तुम्ही विचारताच. आता आणखी एक विचारा, आज किती वाजता निघालास? मुलगी रात्रपाळीला असेल तर कॅब दारापर्यंत येते का आणि गाडीत सोबत कोण असतं हे जाणून घ्या. ती दमलेली वाटली तर एवढी चांगली कंपनी सोडू नकोस, असं म्हणण्याआधी तिचं पूर्ण ऐकून घ्या.

आणि नोकरीत असलेल्या प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी वही काढून तिन्ही रकाने पुन्हा भरावेत. हक्क पूर्ण मिळतात का, हातात येणारा पगार वाढला का, शिकायला काही नवीन मिळालं का, आणि महिन्याचे किती तास कंपनीत गेले? उत्तरं समाधानाची असतील तर सोयी मनापासून उपभोगा, त्या तुमच्या कष्टाच्या आहेत. तिसरा रकानाच तेवढा भरलेला दिसला आणि पहिले दोन रिकामे राहिले, तर त्या दिवसापासून दुसरी नोकरी शोधायला लागा.